शिला, रूळ आणि दफ्तर

बर्लिन शहराच्या मध्यभागी ब्रांडेनबुर्ग द्वारापासून दक्षिणेकडे वळले आणि अमेरिकेच्या वकिलातीची इमारत मागे टाकली, म्हणजे डाव्या हाताला राखी रंगाच्या काँक्रीटच्या शिलांचे एक विस्तीर्ण पटांगण दृष्टीस पडते. त्याला कोट नाही, महाद्वार नाही, तिकिटाची खिडकी नाही. कचेरीला निघालेल्या मनुष्याने वाट वाकडी न करता सहज आत शिरावे आणि पलीकडच्या रस्त्याला लागावे, इतके ते मोकळे आहे. सुमारे १९,००० चौरस मीटर जागेत २,७११ शिला सरळ रांगांत मांडल्या आहेत. प्रत्येकीची लांबी २.३८ मीटर आणि रुंदी ९५ सेंटिमीटर. उंची मात्र कडेला जमिनीसपाट, तर मध्यभागी साडेचार मीटरांहूनही अधिक. शिलांवर नाव नाही, तारीख नाही, कोणतेही धर्मचिन्ह नाही. युरोपात हत्या झालेल्या ज्यू लोकांचे स्मारक, हे त्या स्थळाचे अधिकृत नाव.

हे स्मारक सुखासुखी उभे राहिलेले नाही. पत्रकार लेआ रोश आणि इतिहासकार एबरहार्ड येकेल यांनी १९८८ साली त्याची मागणी प्रथम मांडली, तेव्हा शहराच्या मधोमध भिंत उभी होती, आणि आज जिथे शिला आहेत तो पट्टा त्या भिंतीलगतचा, पहारेकऱ्यांच्या बंदुकीच्या टप्प्यातला, निर्मनुष्य टापू होता. त्याच्याही पूर्वी तिथे सरकारी खात्यांच्या बागा होत्या, आणि नाझी मंत्री गोबेल्सच्या निवासाचे तळघर त्याच परिसरात होते. पुढे कित्येक वर्षे स्पर्धा, निवाडे, फेरविचार आणि वर्तमानपत्री वादंग होऊन २५ जून १९९९ रोजी जर्मन संसदेने ठराव संमत केला, आणि अमेरिकन वास्तुशिल्पी पीटर आयझेनमन यांच्या आराखड्याप्रमाणे उभारलेल्या स्मारकाचे १० मे २००५ रोजी उद्घाटन झाले. आपल्या पराक्रमाचे स्तंभ उभारणारी राष्ट्रे जगात पुष्कळ आहेत. आपल्याच राज्ययंत्रणेने केलेल्या महापातकाला राजधानीतली इतकी मोक्याची जागा देणारे राष्ट्र विरळा, हे जर्मनांच्या पदरी पुण्य म्हणून मांडावयास हरकत नाही.

मला छायाचित्रणाचा नाद आहे, आणि नादिष्ट मनुष्य देवळात गेला तरी देवाच्या आधी गाभाऱ्यात उतरलेला कवडसा पाहतो. या पटांगणाचा मोह तर विलक्षण आहे. रांगेमागे रांग, शिलेमागे शिला, प्रत्येक वाटेच्या टोकाला आकाशाची एक उभी चीर. कॅमेरा कोणत्याही दिशेस रोखावा, चित्र आयते जुळून आलेले असते. अशा वेळी मनात जो प्रश्न उभा राहतो तो टाळता येत नाही. साठ लाख माणसांच्या संहाराची स्मृती जिथे ठेवलेली आहे तिथे सुंदर चित्र घेणे औचित्याला धरून आहे काय? आणि सुंदर घ्यावयाचे नाही असे ठरवले, तर ओबडधोबड चित्राने मृतांचा सन्मान अधिक होतो, असे तरी कोण म्हणेल?

पहाटेनंतर लौकरच तिथे गेलेले बरे. पूर्वेकडून येणारे तिरपे ऊन आडव्या वाटांतून आत शिरते, प्रत्येक शिलेची एक बाजू उजळते, दुसरी काळवंडते, आणि पटांगणाची खोली डोळ्यांना कळू लागते. माध्यान्ही हाच देखावा कागदी घड्यांसारखा सपाट होऊन जातो. पाऊस पडून गेल्यावर काँक्रीट गडद होते आणि त्यावर ओघळांच्या रेषा उठतात. आत चालू लागले की पायांखालची जमीन नकळत उतरत जाते, दोन माणसांनी बरोबरीने चालू नये इतक्या अरुंद वाटा लागतात, शिला कमरेच्या, मग छातीच्या, मग मस्तकाच्या वर जातात, आणि रस्त्यावरचा मोटारींचा घोष मंदावतो. शिला काटेकोर उभ्या नाहीत. प्रत्येक किंचित, अर्धा ते दोन अंशांनी, कललेली आहे, आणि जमीनही उंचसखल आहे. त्यामुळे तिवईवरचा पाणसाळ एक सांगतो आणि डोळा दुसरेच सांगतो. सरळ कशाला म्हणावे, याचा भरवसा उरत नाही. रुंद कोनाचे भिंग लावले तर हा कल दसपटीने वाढून शिला अंगावर कोसळताहेत असे चित्र निघते आणि पाहणारा दचकतो. परंतु ते दचकणे भिंगाच्या करामतीचे असते, त्या जागेचे नसते. वास्तुशिल्पीने अर्ध्या अंशात जे साधले आहे ते तेवढ्याच अंशात दाखवावे, या विचाराने मी डोळ्याच्या दृष्टीशी मिळते असे साधे भिंग वापरले, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरला, आणि छायेतील काँक्रीटचा पोत हरवणार नाही एवढा प्रकाश घेऊन वरचे आकाश जरा अधिक पांढरे होऊ दिले.

त्या पोताची कहाणीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोणी शिलांवर काही खरडले तर ते पुसता यावे म्हणून त्यांवर एक संरक्षक लेप देण्यात येत होता. हा लेप पुरवणारी डेगुसा ही कंपनी, आणि तिच्याच एका उपकंपनीने छळछावण्यांतील विषारी वायू पुरवला होता, ही गोष्ट २००३ साली चर्चेत येताच काम थांबले; पुष्कळ खल झाल्यावर विश्वस्तांनी तोच लेप पुढे चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. ज्या गुळगुळीत पृष्ठभागावर सकाळचे ऊन इतके मोहक दिसते त्याच्यातच तो इतिहास मुरलेला आहे. शिवाय काही वर्षांतच अनेक शिलांना तडे गेले, आणि कित्येकींना पोलादी पट्ट्यांनी आवळावे लागले. देखणेपणासाठी या पट्ट्या चौकटीबाहेर ठेवणारे छायाचित्रकार मी तिथे पाहिले. मला त्या पट्ट्या चौकटीत हव्याच वाटल्या. स्मरण हे डागडुजी करीत टिकवावे लागते, ही गोष्ट त्या पट्ट्यांइतक्या स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही.

दहाच्या सुमारास माणसे येऊ लागतात. शाळेतील मुले वाटांतून पाठशिवणी खेळतात, कोणी शिलेवर बसून शिदोरी सोडतो, कोणी प्रेयसीला कोपऱ्याशी उभी करून तिचे चित्र घेतो. शिलांवरून उड्या मारू नयेत, गोंगाट करू नये, असे नियम आहेत. पाळले जातातच असे नाही. शाहाक शापिरा या बर्लिनस्थित इस्रायली लेखकाने २०१७ साली अशी हसरी, खिदळती आत्मचित्रे समाजमाध्यमांवरून गोळा केली, त्यांतील व्यक्तींच्या पाठीमागे शिलांच्या जागी छळछावण्यांतील प्रेतांचे ढीग जोडले, आणि ती जगापुढे मांडली. मोठी खळबळ माजली. चित्रांतील बहुतेकांनी क्षमा मागितली, आणि आठवडाभराने शापिरांनी ती चित्रे काढून घेतली. आयझेनमन यांना मात्र हा उपक्रम रुचला नाही. ही जागा पवित्र क्षेत्र नव्हे, इथे लोक खेळतील, खातील, हसतील, हे त्यांनी उद्घाटनाच्या काळातच सांगून ठेवले होते.

या वादात मला दोन्ही पक्षांकडे थोडे थोडे सत्य दिसते. खेळणाऱ्या मुलाला दटावण्याचा अधिकार छायाचित्रकाराकडे नाही, आणि त्याची फजिती व्हावी अशा हेतूने त्याचे चित्र घेण्याचा तर मुळीच नाही. याच्या उलट दुसराही एक मोह असतो, आणि तो अधिक सोज्वळ दिसत असल्यामुळे अधिक फसवा आहे. एखादी वृद्ध स्त्री शिलेवर तळवा टेकून मान खाली घालून उभी राहते. प्रकाश तिच्या पांढऱ्या केसांवर पडलेला असतो. चित्र अप्रतिम होणार याची खात्री असते. अशा वेळी कॅमेरा खाली घ्यावा, असे माझे मत आहे. त्या स्त्रीचे कोण गेले, ती कुठून आली, हे आपल्याला ठाऊक नसते, आणि तिचा शोक आपल्या कलेचा कच्चा माल व्हावा अशी तिची संमती आपण घेतलेली नसते. चौकटीत माणूस तर हवा, नाहीतर २,७११ शिलांचे नुसते भूमितीचे प्रमेय उरते. म्हणून मी दोन वाटांच्या छेदाकडे कॅमेरा रोखून थांबत असे. लांबच्या वाटेवरून कोणी आडवे गेले की क्षणभर एक आकृती दिसे, ओळखू येण्याच्या आधीच शिलेआड होई, आणि त्या जागेत मनुष्य किती लौकर नाहीसा होतो ते, कोणाच्याही चेहऱ्याला हात न लावता, चित्रात उतरे.

शिला अनामिक आहेत. परंतु त्यांच्याभोवतीच्या रस्त्यांना नावे आहेत. दक्षिणेकडचा रस्ता हाना आरेंट या विदुषीच्या नावाचा आहे. पूर्वेकडचा कोरा बर्लिनर हिच्या नावाचा. कोरा बर्लिनर अर्थशास्त्रज्ञ होती, जर्मन सरकारच्या सेवेत उच्चपदावर होती. १९३३ साली ज्यू म्हणून तिची नोकरी गेली, आणि १९४२ साली तिला बर्लिनहून पूर्वेकडे पाठवण्यात आले, तिथून ती परतली नाही. तिच्या नावाची पाटी चौकटीच्या एका कोपऱ्यात येईल आणि मागे शिलांचा समुदाय राहील, असा एक कोन मी शोधून काढला. रचनेच्या दृष्टीने ते माझे सर्वोत्तम चित्र नव्हे. परंतु त्या स्थळाची सर्वांत खरी साक्ष देणारे चित्र कोणते असे कोणी विचारले, तर मी तेच दाखवीन.

शिलांच्या खाली, जमिनीच्या पोटात, माहितीकेंद्र आहे. प्रवेशाशीच सहा माणसांची मोठी छायाचित्रे आहेत, साठ लाखांपैकी सहा. एका दालनात पंधरा व्यक्तींची पत्रे व रोजनिशीतील उतारे जमिनीवरच्या उजळ फलकांवर मांडलेले आहेत, आणि वाचण्यासाठी मान खाली घालावीच लागते. दुसऱ्यात पंधरा कुटुंबांचा वृत्तांत आहे. तिसऱ्या दालनात काळोख आहे. तिथे चारही भिंतींवर एका व्यक्तीचे नाव, जन्मवर्ष आणि मृत्युवर्ष उमटते, तिची थोडकी हकिकत वाचून दाखवली जाते, आणि मग दुसरे नाव येते. सर्व बळींची हकिकत याप्रमाणे वाचावयाची, तर सहा वर्षे, सात महिने आणि सत्तावीस दिवस लागतील, असा हिशेब केंद्रानेच मांडला आहे. या दालनात मी कॅमेरा पिशवीत ठेवला. काही सेकंद टिकणारे नाव छायाचित्रात पकडले, तर ऐकणे तेवढे कमी होते.

वर आल्यावर माझ्या मनात एक निराळाच हिशेब सुरू झाला. १९३३ साली या शहरात सुमारे १,६०,००० ज्यू राहत होते. त्यांतील पुष्कळांनी वेळीच देश सोडला. बर्लिनमध्ये जन्मलेला, ज्यू रक्ताचा वारसा असलेला रुडॉल्फ फॉन लायडन हा तरुण त्याच साली मुंबईस येऊन पोहोचला, तिथल्या वृत्तपत्रांत कलासमीक्षा लिहू लागला, आणि पुढे आरा, रझा, हुसेन यांच्या पिढीच्या पाठीशी उभा राहिला. मुंबईच्या आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते. जे निघू शकले नाहीत त्यांचे काय झाले, हे पाहण्यासाठी मात्र बर्लिनमध्येच दुसऱ्या एका ठिकाणी गेले पाहिजे.

शहरगाडीने पश्चिमेकडे गेले की ग्रुनेवाल्ड हे स्थानक लागते. भोवताली श्रीमंतांचे बंगले, गर्द झाडी, शांत रस्ते. याच स्थानकातील मालधक्क्यावरून १८ ऑक्टोबर १९४१ रोजी हजारांहून अधिक ज्यूंना घेऊन पहिली गाडी वूच शहराकडे निघाली. मोआबीट भागातल्या एका सिनेगॉगमध्ये त्यांना आधी कोंडण्यात आले, आणि तिथून भर वस्तीतून चालवत इथे आणण्यात आले. ज्यांना हद्दपार करावयाचे त्यांच्याकडून सोळा पानी छापील नमुन्यावर मालमत्तेचा तपशील भरून घेतला जाई. खुर्च्या किती, चादरी किती, सारे त्यात नमूद करावे लागे. मग जप्तीचा हुकूम रीतसर बजावला जाई. रेल्वेखाते प्रवासाचे भाडे आकारीत असे, दर किलोमीटरचे, तिसऱ्या वर्गाच्या दराने, मुलांना अर्धे आणि चारशेंवर माणसे असतील तर घाऊक सवलत. हे भाडे पोलीसखात्याकडून वसूल होई. त्याच लोहमार्गाने पुढे वानझे नावाचे सरोवर आहे. तिथल्या एका बंगल्यात २० जानेवारी १९४२ रोजी पंधरा अधिकारी जमले, आणि युरोपातील एक कोटी दहा लाख ज्यूंची देशवार यादी समोर ठेवून त्यांनी कामाची वाटणी केली. तलवार उपसलेला, रागाने लाल झालेला क्रूरकर्मा या साऱ्या प्रकरणात क्वचितच भेटतो. वारंवार भेटतो तो कारकून, त्याचे दफ्तर, त्याचा शिक्का आणि त्याची सुवाच्य नोंद.

ग्रुनेवाल्डचे स्मारक जर्मन रेल्वेने २७ जानेवारी १९९८ रोजी खुले केले. हिर्श, लोर्ख आणि वांडेल या वास्तुशिल्पींनी इथे काहीही उभारले नाही. सतरा क्रमांकाच्या रुळांच्या दोन्ही बाजूंस, फलाटाच्या कडेने, ओतीव पोलादाचे १८६ पत्रे खडीत आडवे बसवले, आणि प्रत्येक पत्र्याच्या कडेवर एका गाडीची नोंद उठवली: तारीख, ज्यूंची संख्या, बर्लिनपासून कुठवर. कारकुनाने ज्या क्रमाने लिहिले असते त्याच क्रमाने. आपण चालत जावे आणि वाचत जावे. आरंभी हजाराच्या घरातले आकडे येतात. १९४५ साल जवळ येते तसे आकडे शंभराच्या खाली उतरतात, कारण पाठवावयास माणसेच उरली नव्हती. तरीही गाड्या सुटतच राहिल्या. रुळांमध्ये उगवलेली झाडे मुद्दाम तोडलेली नाहीत, इथून पुन्हा गाडी सुटणार नाही याची ती ग्वाही आहे.

छायाचित्रकाराला इथे शिलांच्या पटांगणाच्या नेमकी उलटी अडचण येते. तिथे रूप ओसंडत असते आणि नोंद शोधावी लागते. इथे नोंद पायांखाली पसरलेली असते आणि रूप हाती लागत नाही. उभ्याने घेतलेल्या चित्रात गंजलेल्या पत्र्यांचा एक पट्टा दिसतो, आणि अक्षरे वाचता येत नाहीत. अक्षरे वाचता यावीत म्हणून गुडघे टेकावे लागतात. मी गुडघे टेकले, भिंगाचे छिद्र बारीक केले, जवळच्या पत्र्यावरील तारखेपासून दूरच्या झाडापर्यंत सारे स्पष्ट राहील अशी योजना केली, आणि ऊन तिरपे होऊन उठावाच्या अक्षरांना सावली धरेपर्यंत वाट पाहिली. पार्श्वभूमी धूसर करून एकच अक्षर चमकावण्याची फॅशन आहे; तिने तारीख उठून दिसते, परंतु तिच्यापुढची शेकडो नावे नसलेली माणसे धूसरात जातात. एका तारखेमागे दुसरी तारीख आहे, हेच तर तिथले सत्य आहे.

१९४१च्या शरद ऋतूत बर्लिनहून वूचला चार गाड्यांतून चार हजारांहून अधिक माणसे गेली. त्या शहरातल्या कोंडवाड्यात हेन्रिक रॉस नावाचा एक ज्यू छायाचित्रकार होता. युद्धापूर्वी तो वृत्तपत्रांसाठी काम करी; कोंडवाड्यात त्याला सांख्यिकी खात्यात नेमून ओळखपत्रांसाठी चेहरे टिपण्याचे काम दिले होते. म्हणजे तोही कारकूनच, हातात कॅमेरा असलेला. सरकारी कामाच्या फिल्मवर त्याने चोरून उपासमार, मृतदेह, हद्दपारीच्या रांगा टिपल्या. १९४४ साली कोंडवाडा रिकामा होऊ लागला तेव्हा सुमारे ६,००० निगेटिव्ह जमिनीत पुरली, आणि सुटकेनंतर उकरून काढली. जवळजवळ निम्मी ओलीने गेली. उरलेल्यांतून साक्ष उभी राहिली. १९६१ साली नाझी अधिकारी आइशमन याच्यावरील जेरुसलेममधील खटल्यात रॉसने जबानी दिली.

याहूनही कठीण असे एक उदाहरण आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये बिर्केनाऊच्या छावणीत, प्रेते जाळण्याच्या कामाला जुंपलेल्या कैद्यांपैकी एकाने, बहुधा आल्बेर्तो एरेरा या ग्रीक ज्यूने, चार छायाचित्रे घेतली. दोन वायुकोठडीच्या दारातून, दोन चालता चालता, कमरेजवळ कॅमेरा लपवून. फिल्मचा तुकडा दंतमंजनाच्या नळीतून बाहेर पोचवला गेला. चित्रे तिरपी आहेत, अस्पष्ट आहेत, एकात तर नुसत्या झाडांच्या फांद्या आहेत. दारातून घेतलेल्या दोहोंत चौकटीचा मोठा भाग मिट्ट काळा आहे. पुढे ही चित्रे प्रसिद्ध करताना अनेकांनी तो काळा भाग कापून टाकला, क्षितिज सरळ केले, एका चित्रातील विवस्त्र स्त्रियांच्या चेहऱ्यांवर कुंचला फिरवला. हेतू वाईट नव्हता. चित्र अधिक चांगले दिसावे एवढाच होता. परंतु तो काळा भाग म्हणजे वायुकोठडीची भिंत होती. घेणारा कुठे उभा होता आणि कोणत्या धोक्यात उभा होता याचा एकमेव पुरावा चित्र सुधारणाऱ्यांनी कात्रीने वेगळा केला. सौंदर्यदृष्टीचा अपराध कसा घडतो हे मला या कापलेल्या चित्रांवरून जितके कळले तितके कोणत्याही सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथावरून कळलेले नाही.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. सुंदर चित्र अवश्य घ्यावे. प्रकाशाची, रचनेची, भिंगाची सारी विद्या पणाला लावावी, कारण बेपर्वाईने घेतलेले चित्र हाही त्या जागेचा अनादरच आहे. परंतु सौंदर्यासाठी पुराव्यातील काहीही कापू नये, वाढवू नये, झाकू नये. आणि जिथे वास्तुशिल्पीने नाव लिहिलेले नाही, तिथे ते शोधून चौकटीत किंवा चौकटीखाली आणावे. ज्या यंत्रणेने माणसांचे आकडे केले तिच्याच साधनाने, म्हणजे नोंदीने, आकड्यांची पुन्हा माणसे करावयाची आहेत, आणि या कामी छायाचित्रकाराने कलावंत होऊन भागत नाही, त्याला प्रामाणिक कारकूनही व्हावे लागते.

आपल्याकडील पुष्कळ मंडळी आता युरोपच्या सहलीस जातात, आणि ब्रांडेनबुर्ग द्वारापाशी उतरलेल्या प्रत्येकाची पावले शिलांच्या पटांगणाकडे वळतात. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, एक सकाळ ग्रुनेवाल्डसाठी राखून ठेवावी, आणि दोन्हीकडची चित्रे घरी दाखवताना किंवा इतरांस पाठवताना त्यांच्याखाली स्थळ, तारीख आणि तिथून गेलेल्या माणसांची संख्या अवश्य लिहावी. ज्या चित्राखाली एवढे लिहिण्याची आपली तयारी नसेल, ते घेऊच नये.